नवेगावबांध : वसंतातली पक्ष्यांची सकाळ

मध्य भारतातल्या पानझडी जंगलात वसंत येतो तो पाने गाळतच. माघ संपता संपता ऐन, धावडा, बीजा, साग यांच्या फांद्या ओक्याबोक्या होतात. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलतात आणि चैत्र लागला की कुसुमाला तांबडीलाल पालवी फुटते. या दोन-अडीच महिन्यांत रान आरपार दिसते. रानातले ओढे आणि डबकी आटत गेल्यामुळे पाणी मोठ्या तळ्यांपुरते उरते. त्यामुळे एकाच काठावर दोन प्रकारचे पक्षी एकत्र येतात : हिवाळा काढून परतीच्या तयारीत असलेले पाहुणे आणि गायला, जोड्या जमवायला, घरटी घालायला लागलेले रहिवासी. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची, तळ्याकाठच्या रानवाटेवरची सकाळ ही पक्षी पाहायला शिकण्याची सर्वांत सोयीची वेळ ठरते ती त्यामुळेच. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हे अशा जागेचे उत्तम उदाहरण आहे.

माणसाने बांधलेले तळे

नवेगावचा तलाव निसर्गनिर्मित नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा धानाचा. धानाला साठवलेले पाणी लागते, म्हणून गोंड राजवटीच्या काळापासून इथे गावोगाव तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. या कामात कोहळी समाज वाकबगार होता. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांनाच कोलासूर म्हणून देवपण दिले. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि बांध घालायला याच देवींनी हात लावला अशी कथा आहे. मालगुजारांच्या ताब्यात असलेले या भागातले असंख्य तलाव आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात.

नवेगावचा जलाशय सुमारे ११ चौरस किलोमीटरचा आहे. टेकड्यांच्या खोबणीत पाणी अडवल्यामुळे त्याचा काठ सरळ नाही. पाण्याच्या जिभा रानात शिरतात आणि रानाच्या सोंडा पाण्यात उतरतात. काठाची लांबी वाढल्याने पाणपक्षी आणि रानपक्षी यांची सरमिसळ होणारा पट्टाही वाढतो. भोवतालचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. तलावाच्या परिसरातल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालीम अली यांचे नाव दिलेले आहे.

मराठी वाचकाला हे तळे ओळखीचे झाले ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत बरीच वर्षे इथे राहिले. या मुक्कामातली निरीक्षणे त्यांच्या ललित लेखनात उतरली आणि ‘पक्षिकोश’ या ग्रंथाने मराठीतल्या पक्षिनामांना मोठे बळ दिले. त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

वसंत पक्ष्यांना कसा कळतो

पक्ष्यांचे कालगणनेचे मुख्य साधन म्हणजे दिवसाची लांबी. उष्णता आणि पाऊस वर्षागणिक मागेपुढे होतात, दिवसमान मात्र ठरलेल्या चालीने वाढते आणि घटते. कॅनडातले शास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना रोज थोडा जास्त वेळ दिव्याचा उजेड दिला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढतात तशी वाढली. पुढील संशोधनात असे दिसले की पक्ष्यांच्या मेंदूच्या आतल्या भागातही प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. दिवस ठरावीक मर्यादेपलीकडे लांबला की संप्रेरके स्रवू लागतात. नर गाऊ लागतो, काहींच्या पिसांचा रंग पालटतो आणि स्थलांतर करणारे पक्षी प्रवासासाठी चरबी साठवू लागतात.

विषुववृत्ताच्या जवळ दिवसमानातला फरक कमी असतो, म्हणून भारतातल्या रहिवासी पक्ष्यांसाठी अन्न आणि पाऊस यांचे इशारेही महत्त्वाचे ठरतात. त्यामुळे इथे सगळे पक्षी एकाच वेळी घरटी करत नाहीत. वसंतात काही जाती पिल्ले भरवत असतात, काहींची नुकती सुरुवात असते, तर काही पावसाळ्याची वाट पाहत असतात.

उजाडण्यापूर्वी

मार्चच्या मध्यात नवेगाव परिसरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पक्ष्यांची सकाळ त्याच्या तासभर आधी सुरू होते. अंधारात रातव्याची ठोक्यांसारखी हाक आणि पिंगळ्यांची कलकल विरत जाते. मग मोराचा टाहो आणि रानकोंबड्याची बांग येते. कोतवाल अजून झाडाचा आकारही धड दिसत नसताना बोलू लागतो. पाठोपाठ दयाळ शेंड्यावर बसून लांबलचक, चढउताराची शीळ घालतो. एरवी झुडपात चरणारा हा काळापांढरा पक्षी वर्षातला बराच काळ गप्प असतो. मार्च ते जून मात्र त्याच्याइतका गोड गाणारा रानात क्वचितच दुसरा सापडतो.

एवढ्या पहाटे गाण्याची कारणे अनेक आहेत. अंधुक उजेडात किडे दिसत नाहीत, त्यामुळे चरायला जाण्यात फायदा नसतो आणि तो वेळ गाण्याला देता येतो. वारा पडलेला असतो, इतर आवाज कमी असतात, त्यामुळे स्वर लांबवर आणि स्पष्ट पोचतो. रात्रीच्या थंडीत बरीच ऊर्जा खर्च झाल्यानंतरही जो नर जोमाने गातो तो सशक्त आहे, हे मादीला आणि शेजारच्या नरांनाही कळते. गाण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. ज्यांचे डोळे शरीराच्या मानाने मोठे, त्यांना कमी उजेडात दिसते आणि ते आधी गातात, असे अनेक जातींच्या तुलनेतून आढळले आहे.

गाणे आणि हाक यांत फरक करायला शिकणे हा पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा. गाणे लांब, रचलेले असते. बहुतेक जातींत ते नर गातो आणि हद्द सांगणे किंवा मादीला बोलावणे हा त्याचा हेतू असतो. हाक आखूड असते. ती धोक्याची, एकमेकांना धरून राहण्याची, पिल्लांना बोलावण्याची असते आणि वर्षभर ऐकू येते. पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे दुभंगते तिथल्या स्वरयंत्रातून. गायक पक्ष्यांना या यंत्राच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, म्हणून एकाच पक्ष्याच्या गळ्यातून दोन सूर एका वेळी उमटू शकतात.

ऊन अंगावर आल्यावरच बोलणारेही पक्षी असतात. तांबट हा त्यांतला ठळक. उंच वाळक्या फांदीवर उन्हाला तोंड करून बसतो, चोच मिटलेली ठेवतो, गळा फुगवतो आणि एकसारखे ‘टुक् टुक् टुक्’ सुरू करतो. त्याचा मोठा भाऊबंद कुटुर्गा दाट झाडातून ‘कुटुर्र कुटुर्र’ असा गजर लावतो. एक सुरू झाला की दुसरा, तिसरा उत्तर देतो. आवाज सगळीकडून येतो, पण पानांच्या रंगात मिसळलेला पक्षी सापडायला वेळ लागतो.

पाण्यावरचे पाहुणे आणि यजमान

पुरेसे उजाडले की आधी तळ्याकडे पाहावे, कारण पाण्यावरचे पक्षी उघड्यावर असतात आणि ऊन चढल्यावर पाण्याच्या चकाकीत ते काळे ठिपके होऊन जातात. हिवाळ्यात इथे येणाऱ्या बदकांत तलवार बदक, थापट्या आणि चक्रांग यांचे थवे असतात. ही बदके मध्य आशियाच्या हवाईमार्गाने उत्तरेकडून येतात. नारिंगी-तपकिरी चक्रवाकाचे घर लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच तळ्यांकाठी असते. फेब्रुवारीअखेरपासून या पाहुण्यांची संख्या घटू लागते. निघण्यापूर्वी ते भरपूर खातात आणि चरबी साठवतात. हीच त्यांच्या शेकडो किलोमीटरच्या सलग उड्डाणाची शिदोरी. एप्रिल उजाडेपर्यंत तळ्यावर मुख्यतः स्थानिक मंडळीच उरते.

त्यांत पिवळ्या टोकाच्या काळ्या चोचीचे हळदी-कुंकू बदक, शीळ घालत उडणारी अडई आणि मूठभर आकाराचे काणूक ही बदके असतात. टिबुकली पाहता पाहता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात लांब बोटांनी कंद धरून सोलते. कमळपक्ष्याची बोटे आणि नखे एवढी लांब की शरीराचे वजन पसरते आणि तो तरंगत्या पानांवरून चालू शकतो. लांब शेपटीचा कमळपक्षी वसंतात मात्र ओळखू येत नाही, कारण ती देखणी शेपटी त्याला पावसाळ्यातल्या विणीच्या हंगामापुरतीच येते. त्याच्या संसारात भूमिका उलट्या असतात. मादी एकापेक्षा अधिक नरांसाठी अंडी घालते आणि ती उबवण्याचे, पिल्ले सांभाळण्याचे काम नराकडे असते.

पाण्यातल्या वाळक्या खुंटांवर पाणकावळे आणि तिरंदाज पंख पसरून बसलेले दिसतात. त्यांच्या पिसांत पाणी शिरते. त्यामुळे बुडी मारायला सोपे जाते, पण नंतर पंख वाळवावे लागतात. दोघांचे मासे पकडण्याचे तंत्र वेगळे. पाणकावळ्याची चोच टोकाला आकडीसारखी वळलेली असते आणि तो मासा चिमटीत धरतो. तिरंदाजाची चोच सरळ, अणकुचीदार असते, तो मासा भोसकतो. कवड्या धीवर हवेत एका जागी फडफडत राहतो आणि सूर मारतो. खंड्या काठच्या फांदीवरून झेप घेतो, पण त्याला पाण्याचे बंधन नाही, नाकतोडे आणि सरडेही तो खातो. चिखलात उभा असलेला उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी शोधत असतो. मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते ती शंखातला जीव बाहेर काढण्याच्या कामी येते.

काठावरच्या बगळ्यांमध्ये ऋतूचा बदल उघड दिसतो. वर्षभर मातकट दिसणाऱ्या ढोकरीच्या पाठीवर विणीचा हंगाम जवळ येईल तशी गर्द तपकिरी पिसे येतात आणि गायबगळ्याच्या डोक्यामानेवर नारिंगी छटा चढते. एप्रिलच्या सुरुवातीला एकाच काठावर रंग बदललेले आणि न बदललेले बगळे शेजारी शेजारी दिसू शकतात.

फुललेल्या झाडांखाली

तळ्यावर तासभर घालवल्यावर वाट रानात वळते. इथे पहिला थांबा फुललेल्या झाडाखाली. वसंतातले फुललेले पळसाचे झाड गाठून अर्धा तास बसले तर रान पायाखाली घालण्यापेक्षा जास्त पक्षी दिसतात. पळसाची फुले भडक केशरी असतात, त्यांना वास जवळजवळ नसतो आणि रस भरपूर असतो. पक्ष्यांना आकर्षून घेणाऱ्या फुलांची ही लक्षणे आहेत. पक्ष्यांची दृष्टी तीक्ष्ण असते. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात, माणसाच्या तीनच. त्यामुळे त्यांना अतिनील छटाही दिसतात. उलट बहुतेकांचे वासावर फारसे काही अवलंबून नसते. पाने गळून गेल्यामुळे फुलांचे हे रंग लांबून दिसतात.

पळसाचा महत्त्वाचा परागवाहक म्हणजे जांभळा शिंजीर. हिवाळ्यात मादीसारखा फिकट दिसणारा नर या दिवसांत झळाळता निळा-जांभळा झालेला असतो. हा रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो, म्हणून सावलीत पक्षी काळा दिसतो आणि मान वळवली की झळकतो. शिंजीर फुलातला रस पिताना त्याच्या कपाळाला आणि गळ्याला पराग लागतो आणि तो पुढच्या झाडाच्या फुलावर पोचतो. पोपटही पळसावर येतात, पण त्यांची चोच फुले खुडते, त्यामुळे झाडाला त्यांचा उपयोग कमी.

काटेसावरीची फुले मोठी, मांसल आणि पेल्याच्या आकाराची. त्यांच्यावर मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, सातभाई अशी सगळीच गर्दी लोटते. याच झाडांवर भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी पळसमैना म्हणूनही ओळखला जातो. भोरड्यांची वीण मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात, टोळ-नाकतोड्यांच्या सुगीच्या वेळी होते. भारतात त्या वर्षातला मोठा काळ काढतात आणि एप्रिलमध्ये निघून जातात. झाडाखाली पडलेली सावरीची फुले चितळे खातात, त्यामुळे वर पक्षी आणि खाली हरणे असे दृश्य या काळात नेहमीचे.

मोहाची फुले मात्र रात्री फुलतात आणि पहाटे गळतात. त्यांचा फायदा वटवाघळांना होतो. मार्च-एप्रिलच्या पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचणारी कुटुंबे रानात भेटतात. पूर्व विदर्भातल्या कित्येक घरांचा या दिवसांतला रोख पैसा यातून येतो. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत मात्र वणव्याला कारण ठरते आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी त्यात जातात.

रानाचे मजले

रानात पक्षी कुठेही बसलेले नसतात. चाळीत जसे प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या मजल्यावर, तसे ते असतात. मजला कळला की पक्षी ओळखणे निम्मे सोपे होते.

तळमजला पाचोळ्याचा. वसंतात वाळक्या पानांचा आवाजच पक्ष्याची खबर देतो. सातभाईंची टोळी पाने उलथीपालथी करत, सतत कुरकुरत पुढे सरकते. मोर आणि तित्तिर इथेच चरतात. रंगीबेरंगी नवरंग याच मजल्यावरचा, पण तो मध्य भारतात पावसाच्या तोंडावर येतो, म्हणून वसंतात त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

झुडपांच्या मजल्यावर शिंपी, सुभग, बुलबुल आणि लहानसहान वटवटे असतात. वटवट्यांच्या काही जाती आणि थिरथिरा हेही हिवाळी पाहुणेच. एप्रिलअखेर तेही हिमालयाकडे आणि त्यापलीकडे जातात. पाणी टिकलेल्या ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तक दिसण्याची शक्यता असते. पूर्ण वाढलेला नर पांढराशुभ्र, फितीसारख्या लांब शेपटीचा असतो. मादी आणि तरुण नर तांबूस असतात.

खोडांचा मजला सुतारांचा. सोनपाठी सुताराची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, शेपटीची पिसे ताठ असतात आणि खोडावर टेकायला तिसरा पाय म्हणून ती वापरली जातात. त्याची जीभ लांब असून तिचा आधार देणारा भाग कवटीला मागून वळसा घालून येतो. सुतार खोडावर वर चढत जातो. शिलींध्री नावाचा चिमुकला पक्षी मात्र डोके खाली करूनही खोड उतरतो आणि खालून वर चढणाऱ्याला न दिसलेले किडे त्याला सापडतात.

सर्वांत वरचा मजला वड, पिंपळ, उंबर यांच्या शेंड्यांचा. फळे पिकलेल्या झाडावर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल थव्याने असतो. पिवळ्या पायांचा, हिरवट-पिवळा हा पक्षी पानांत इतका मिसळतो की एक उडाला की मगच दहा होते हे कळते. हळद्या, तांबडे-काळे निखार आणि राखी धनेश हे शेंड्यांवरचे इतर रहिवासी. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि अनेक जातींच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो. थव्याच्या हालचालीने उडालेले किडे त्याला मिळतात आणि शिकारी पक्षी आला तर त्याच्या इशाऱ्याचा फायदा सगळ्यांना होतो.

घरट्यांचे पंचांग

ढोलीत राहणारे पक्षी वसंतात घरटी करण्यात पुढे असतात. तांबट वाळक्या, मऊ फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडतो. सुतारांच्या जुन्या ढोल्या पोपट, मैना, दयाळ आणि पिंगळे वापरतात. राखी धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर तिला आणि नंतर पिल्लांना फळे आणून भरवतो. त्या काळात नराचे काही बरेवाईट झाले तर आतले सगळे कुटुंब धोक्यात येते. पोकळ, म्हातारे, वाळके झाड ‘निरुपयोगी’ म्हणून तोडले की किती जातींची घरे जातात हे यावरून लक्षात यावे.

खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या कडेत बोगदे खणतात. पाणी उतरल्यामुळे अशा दरडी वसंतात उघड्या पडतात. कावळ्यांची घरटी एप्रिलपासून सुरू होतात आणि त्यांच्यावर नजर ठेवून कोकीळ ओरडत असतो. मादी कोकीळ ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा मार्चपासूनच आवाज वाढवत नेतो. तो आपली पिल्ले सातभाईंच्या गळ्यात बांधतो. शेतकऱ्याला त्याच्या ओरडण्यात पेरणीची सूचना ऐकू येते. पक्ष्याच्या दृष्टीने ती सातभाईंच्या वस्तीतली हद्द आणि जोडीदार यांची बाब असते.

पाणपक्षी आणि सुगरण यांचा हंगाम मात्र पावसाळ्यात. तेव्हा पाणी, गवत आणि खाद्य मुबलक असते. सारसही पावसाळ्यात पाणथळीत घरटे रचतो. सुमारे सहा फूट उंचीचा, जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया परिसरातच उरला आहे. धानाच्या बांध्या आणि तलाव हाच त्याचा आसरा आहे आणि शेतकऱ्याने घरट्याभोवतीचे थोडे धान राखले तरच त्याची पिल्ले मोठी होतात.

ऊन चढल्यावर

नऊ-साडेनऊनंतर रान शांत होते. लहान पक्षी सावलीत विसावतात, किड्यांची हालचालही मंदावते. आता आकाशाकडे पाहावे. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढू लागते आणि त्या प्रवाहांवर पंख न हलवता घिरट्या घालणारे शिकारी पक्षी वर येतात. सर्पगरुड शीळ घालत फिरतो, त्याच्या पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा ओळखीची खूण. शिक्रा झाडांमधून खालून वेगाने जातो. मासेमार कैकर हा हिवाळी पाहुणा असून तो जाण्यापूर्वी तळ्यावर घिरट्या घालताना दिसतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते आणि तळव्यावर काटेरी खवले असतात, त्यामुळे निसरडा मासा निसटत नाही.

पाहण्याची रीत

पक्षिनिरीक्षणाला फार साहित्य लागत नाही. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. रानात आठ पट पुरे. त्याहून जास्त पटीत हाताचा कंपही वाढतो आणि दृश्याचा आवाकाही घटतो. पहाटेच्या अपुऱ्या उजेडात मोठे भिंग उपयोगी पडते. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पक्का करावा आणि नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, म्हणजे सकाळी तळ्याच्या पूर्वेकडच्या काठावरून पश्चिमेकडे पाहावे. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत आणि बोलणे कमी असावे.

ओळखताना रंगाआधी आकार पाहावा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, पाय, शेपटी, बसण्याची ढब, उडण्याची चाल, जागा आणि आवाज. सालीम अली यांचे १९४१ साली आलेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक याच क्रमाने शिकवते. जागीच टिपण करावे : वेळ, ठिकाण, संख्या, काय करत होता. आता हीच टिपणे मोबाइलवरून ईबर्डसारख्या नोंदसंग्रहात देता येतात.

काही बंधने पाळायचीच असतात. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वन विभागाने परवानगी दिलेल्या वाटेनेच जावे. ध्वनिमुद्रित गाणे वाजवून पक्ष्याला बोलावू नये. हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो विणीच्या ऐन काळात ताकद वाया घालवतो. घरट्यापाशी थांबू नये आणि फोटोसाठी फांद्या बाजूला करू नयेत, कारण झाकलेले घरटे उघडे पडले की कावळे आणि शिकरे ते लगेच हेरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी हलवणे गुन्हा आहे.

तळे राखले तर

तलाव आपोआप टिकत नाहीत. पूर्व विदर्भातल्या अनेक मामा तलावांत गाळ साचला आहे, बेशरम वनस्पतीने काठ गिळले आहेत आणि शेतांतली खते-कीटकनाशके पाण्यात उतरत आहेत. बेशरम वाढली की कमळे, शिंगाडे आणि पाण्याखालच्या वनस्पती मागे हटतात, त्याबरोबर मासे आणि पक्षीही. अर्जुनी मोरगाव भागात ढीवर समाजाच्या मच्छीमारांनी, विशेषतः महिलांनी, काही तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मासळी आणि पक्षी या दोघांनाही याचा फायदा होतो.

असे बदल कळतात ते वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. मोर आणि कोकीळ यांची स्थिती चांगली असल्याचे त्यात दिसते. एकेकाळी तारांवर सर्रास दिसणाऱ्या नीलपंखाची संख्या मात्र घटते आहे आणि बदके, शिकारी पक्षी यांच्याबाबतही चिंता आहे. एकाच तळ्याची, एकाच वाटेवरची, दर फाल्गुन-चैत्रातली नोंद या कामी मोलाची ठरते. शेवटचे तलवार बदक कधी दिसले, पावशा पहिल्यांदा कधी बोलला, पळस कोणत्या आठवड्यात भरात होता, सावरीवर भोरड्या किती होत्या एवढे जरी दरवर्षी लिहून ठेवले तरी काही वर्षांत त्या तळ्याचे ऋतुमान हाती येते आणि ते बिघडू लागले तर तेही आधी कळते.